जागं मूल, जागी आई

'हुशार मुलांना झोप कमीच लागते.' या लेखासाठी ज्या ज्या घरांत गेले, तिथे हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवलंच. आजी म्हणाल्या, शेजारच्या काकू म्हणाल्या, एका ठिकाणी बालवाडीच्या ताईंनीही तेच सांगितलं. म्हणण्यात कौतुक असतं. पण ज्या आईला ते ऐकवलं जातं ती आदल्या रात्री तीनदा उठलेली असते, पहाटे डबे करून कामावर गेलेली असते, आणि या कौतुकामुळे तिला मदत मागायचीही सोय उरत नाही. पोर हुशार आहे म्हणून जागतं, मग तक्रार कसली करायची?

म्हणून आधी हे वाक्यच तपासायला हवं. लुईस टर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली दीड हजारांहून अधिक तल्लख मुलं निवडली आणि पुढे त्यांचं आयुष्यभर निरीक्षण सुरू ठेवलं. या विषयातला हा सगळ्यात जुना मोठा अभ्यास. त्यात झोपेचीही विचारणा होती. ती मुलं बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा कमी झोपत नव्हती, उलट थोडी जास्तच झोपत होती. अलीकडे, २०१० मध्ये, झुरिकच्या संशोधकांनी साठ शाळकरी मुलांच्या झोपेचे तास आणि बुद्धिचाचणीचे गुण ताडून पाहिले, तेव्हा सुटीच्या दिवशी कमी झोपणाऱ्या मुलांचे गुण थोडे जास्त दिसले. म्हणजे दोन अभ्यास दोन बाजूंना ओढतात. यावरून एवढंच म्हणता येतं की काही बुद्धिमान मुलं कमी झोपतात, बरीचशी इतर मुलांसारखीच झोपतात, आणि न झोपणं ही बुद्धीची खूण म्हणून धरता येत नाही.

तरीही अशी मुलं असतात आणि त्यांच्या घरात रात्री खरोखरच अवघड असतात. कल्याणमधल्या एका घरात मी अशा मुलाला भेटले. आता साडेचार वर्षांचा आहे. अक्षरं त्याला कुणी शिकवली नाहीत, ती त्याने लोकलच्या स्टेशनांवरच्या पाट्यांवरून उचलली. ठाण्याला मावशीकडे जाता-येता आईच्या कडेवर बसून तो पाट्या बघायचा, आणि अडीच वर्षांचा असताना एक दिवस त्याने विचारलं, "डोंबिवली दोनदा सारखंच का लिहिलंय?" पाटीवर मराठी आणि हिंदी अशा दोन ओळी होत्या. आईला त्या क्षणी कळलं की हा वाचतोय. आनंद झाला आणि पोटात गोळाही आला, असं त्या म्हणाल्या.

बँकेच्या जुन्या डायरीत त्यांनी दोन आठवडे रात्रीच्या नोंदी ठेवल्या होत्या. बालरोगतज्ज्ञांनीच सांगितलं होतं. डायरी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. एका मंगळवारची नोंद अशी: 'दुपारी झोप नाही. ११.५० झोपला. ३.१५ उठला. प्लूटोला ग्रहांतून का काढलं? ४.४० परत झोपला. ६.२० उठवला, शाळा.' पुढच्या दिवशी तेच, फक्त प्रश्न वेगळा: 'आवाज बंद झाला की जातो कुठे?' शनिवारी मात्र, 'सकाळी ९.१० पर्यंत झोपला, उठवलं नाही.' आणि समासात लाल शाईने: 'रिक्षात दोन मिनिटांत झोपला.'

डॉक्टरांची नजर नेमकी या शेवटच्या दोन ओळींवर थांबली. ज्याला मुळातच कमी झोप पुरते ते मूल आपण होऊन उठतं, दिवसभर टवटवीत असतं, सुटीच्या दिवशी जास्तीची झोप काढत नाही आणि गाडीत बसल्याबरोबर मान टाकत नाही. असे लोक जगात आहेत. २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या यिंग-हुइ फू यांच्या गटाला एका कुटुंबातल्या मायलेकींमध्ये डीईसी-२ या जनुकातला बदल सापडला. त्या दोघी आयुष्यभर सहा-सव्वासहा तास झोपून ठणठणीत होत्या. पण असा बदल फार दुर्मिळ आहे. कल्याणच्या मुलाची झोप थकत होती, वसुलीला मिळेल ती संधी साधत होती. त्याला झोप कमी लागत नव्हती, कमी मिळत होती.

झोपेच्या वैद्यकाशी संबंधित अमेरिकी संस्थेने २०१६ मध्ये वयानुसार तास जाहीर केले: तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा. या आकड्यांत एखादा तास इकडेतिकडे चालतो. साडेचार वर्षांच्या मुलाला मात्र पाच-सहा तास चालत नाहीत. आणि मोठ्यांच्या नेमकं उलट लहान मुलांचं होतं. झोप अपुरी पडली की आपण पेंगतो, ती पेटतात. धावतात, बडबडतात, एका प्रश्नातून दहा काढतात. बघणाऱ्याला वाटतं, किती उत्साह आहे, याला झोपेची गरजच नाही. अशा वेळी अंथरूण अर्धा तास अलीकडे आणावं, तर आपण ते तासभर पुढे ढकलतो.

आता ज्या मुलाला शिकायचंच आहे त्याच्याबाबत एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगायला हवी. शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. दिवसभरात मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरतं साठलेलं गाढ झोपेत पुन्हा घोळवलं जातं आणि कायमच्या स्मृतीत जाऊन बसतं. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात बालवाडीच्या चाळीस मुलांवर एक प्रयोग झाला. सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवण्याचा खेळ, मग एका दिवशी दुपारची झोप, दुसऱ्या दिवशी जागरण. झोपून उठलेल्या मुलांना जागा जास्त आठवल्या. दुपारी झोपायची सवय असलेल्या मुलांची झोप चुकली, तर ते नुकसान रात्रभर झोपूनही भरून निघालं नाही. तेव्हा 'आता रंगात आलाय तर शिकू दे' म्हणून रात्री अकराला ग्रहमाला उघडणारे आईबाप त्याचं शिकणंच अर्धवट सोडत असतात.

कल्याणच्या डॉक्टरांनी पुढे जे विचारलं ते कुणालाही विचारता येईल, आणि विचारायलाच हवं. घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? झोपेत पाय झाडतो का? अ‍ॅडेनॉइड वाढलेले असले, नाकाने श्वास पुरत नसला, तर मूल रात्रभर अर्धवट जागं राहतं. शरीरात लोह कमी असेल, तर पायांत वळवळ होते आणि डोळा लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती. सुखवस्तू घरंही यातून सुटत नाहीत, विशेषतः जिथे मूल दुधावरच असतं. या मुलाचं लोह कमी निघालं. औषध सुरू झालं, आहार बदलला, आणि काही महिन्यांत त्याचं रात्रीचं पाय झाडणं थांबलं. झोप वाढली. वाचन तसूभरही कमी झालं नाही. एडीएचडी किंवा चिंतेमुळेही झोप उडते. मूल हुशार असलं म्हणून हे त्याला होत नाही असं नाही, आणि हुशारीच्या आड ते वर्षानुवर्षं लपून राहू शकतं.

न झोपणाऱ्या मुलाला झोपवण्याचे आपल्याकडचे उपाय जुने आहेत, आणि सगळेच निरुपद्रवी नाहीत. बाळगुटीत जायफळाचे एकदोन वेढे उगाळण्याची रीत घरोघर होती. मुंबईच्या गिरणगावात तर पाळीला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत. त्या बायकांना दोष देण्याची माझी छाती नाही. बारा-बारा तास साच्यावर उभं राहायचं आणि घरी मूल सांभाळायला कुणी नाही, यातून ती गोळी आली होती. आजची बाळागोळी म्हणजे सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं औषध, किंवा ऑनलाइन मागवलेली मेलाटोनिनची गोड गोळी. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून दोन्ही देऊ नयेत. आणि जी आई हे द्यायला निघाली आहे तिला उपदेशाआधी एका रात्रीची सुटी द्यावी.

कारण रात्र अजूनही आईच्याच वाट्याला येते. मी भेटले त्या घरांत शाळेतली बक्षिसं, पुस्तकखरेदी, तारांगणाची सहल यांत वडील हौसेने पुढे होते. पहाटे तीनच्या प्रश्नाला उत्तर देणारी मात्र बहुतेक ठिकाणी आई होती. ठाण्यातल्या एका जोडप्याने रात्रीची वाटणी केली: दोनच्या आधी उठला तर बाबा, नंतर उठला तर आई. त्याहून उपयोगी पडला तो मुलाशी केलेला ठराव. खोलीत मंद दिवा, भिंतीवर मोठं घड्याळ, सहाच्या आकड्याला चिकटवलेला पिवळा कागद, उशाशी चार पुस्तकं. काटा पिवळ्यावर येईपर्यंत वाचावं, चित्रं बघावीत, नुसतं पडून राहावं. बरं वाटत नसेल, भीती वाटली, तर हाक मारावी. एरवी आईबाबांची झोप मोडायची नाही. टॅब आणि मोबाइल त्या खोलीबाहेर. पहिला आठवडा रडारडीत गेला, पुढे जमलं. मूल तेवढंच जागं राहिलं तरी घर झोपू लागलं, आणि कुणी सोबतीला नाही म्हटल्यावर हळूहळू मूलही जास्त वेळ झोपू लागलं.

झोपेच्या या हिशेबात शाळेचा वाटा मोठा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचं सुचवलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा आदेश निघाला. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा, बसच्या फेऱ्या, पालकांच्या नोकऱ्या अशा अडचणी लगेच पुढे आल्या. अडचणी खऱ्या आहेत. पण पाच वर्षांच्या मुलाला सहाला उठवून व्हॅनमध्ये कोंबायचं आणि मग तो वर्गात चिडचिड करतो म्हणून आईला बोलावून घ्यायचं, यात मुलाची काहीच चूक नाही.

झोपेचं मार्गी लागलं तरी दिवस उरतोच. सतत शिकणाऱ्या मुलाबरोबरचा दिवस काय असतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. बुद्धी नऊ वर्षांची, हात पाच वर्षांचे आणि रडू तीन वर्षांचं, असं हे मूल असतं. डोक्यात किल्ल्याचा नकाशा पुरा तयार, पण पेन्सिल वळत नाही, म्हणून कागद टराटरा फाडला जातो. मृत्यू म्हणजे काय हे त्याला इतरांच्या आधी कळतं, पण ते पेलण्याचं बळ इतरांइतकंच असतं. सूर्य पाचेक अब्ज वर्षांनी विझेल हे वाचून एक मुलगी दोन रात्री आजीला बिलगून रडली. आजींनी तिला अब्ज म्हणजे किती ते समजावलं नाही. सूर्य उगवेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या. माझ्या मते त्यांनी तिला बरोबर ओळखलं होतं.

डोळा न लागण्याचं पुष्कळदा हेच कारण असतं. प्रश्न सुटलेला नसतो. काही घरांत यावर प्रश्नवही चालते. दिवा मालवण्याआधी दिवसभरातले उरलेले प्रश्न मुलाने सांगायचे, कुणीतरी लिहून घ्यायचे, उत्तर उद्या. वहीत गेलेला प्रश्न हरवत नाही, अशी मुलाची खात्री पटावी लागते, आणि ती पटते ती दुसऱ्या दिवशी वही खरोखर उघडली तरच. एका वहीत मी वाचलं: 'पाल भिंतीवरून पडत का नाही?' खाली वडिलांच्या अक्षरात: 'माहीत नाही. रविवारी वाचनालयात शोधू.' त्याखाली वेगळ्या शाईने, पायांच्या तळव्यावर अतिसूक्ष्म केसांसारखे लाखो तंतू असतात, ते भिंतीच्या पृष्ठभागाला बिलगतात, असं उत्तर. 'माहीत नाही' ही त्या वहीतली सगळ्यात मोलाची ओळ आहे. उत्तर शोधावं लागतं, वेळ लागतो, आणि बाबांनाही सगळं येत नाही, हे मुलाला त्यातून कळतं.

आपल्याकडे याचा एक सुंदर दाखला लिहून ठेवलेला आहे. जयंत नारळीकरांनी 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रात बनारसच्या घरातल्या फळ्याची हकीकत सांगितली आहे. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. त्यांच्याकडे शिकायला आलेले मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी एक आव्हानाचं गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत तसंच राहायचं. ना परीक्षा, ना फी, ना प्रेक्षक. येता-जाता दिसेल असं एक अवघड गणित, आणि ते मुलाच्या गतीने सुटू देणारा, त्याच्यावर माया असलेला एक मोठा माणूस. अशा मुलाला घरात देण्यासारखं याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला विल्यम जेम्स सिडिस. १८९८चा जन्म, १९०९ मध्ये अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये प्रवेश, जानेवारी १९१० मध्ये तिथल्या गणितज्ञांसमोर चौथ्या मितीवर व्याख्यान. वडील बोरिस स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि मुलाच्या वाढीबद्दल जाहीरपणे लिहीत-बोलत होते. वर्तमानपत्रांनी मुलाचा पिच्छा पुरवला. मोठेपणी तो किरकोळ कारकुनी नोकऱ्या करत, ओळख लपवत जगला आणि १९४४ मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी वारला. एका आयुष्यावरून नियम काढू नये. पण आज पाच वर्षांच्या मुलाला 'गुगल बॉय' म्हणून कॅमेऱ्यासमोर उभं करून राजधान्यांची नावं म्हणून घेताना सिडिस आठवावा. गणितज्ञ टेरेन्स ताओच्या आईवडिलांनी वेगळं केलं. १९७५ मध्ये ॲडलेडला जन्मलेल्या या मुलाला साडेतीन वर्षांचा असताना शाळेत घातलं, तो तयार नाही असं दिसताच काही आठवड्यांत काढून घेतलं आणि पाचव्या वर्षी पुन्हा पाठवलं. पुढे गणिताला वरच्या वर्गात, इतर विषयांना खालच्या, असं विषयागणिक बसवलं. घाई केली नाही, अडवलंही नाही. १९८८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचं सुवर्णपदक मिळालं, २००६ मध्ये फील्ड्स पदक.

बुद्ध्यंक काढावा का, हे पालक हमखास विचारतात. आपल्याकडे या मोजमापाला मोठी परंपरा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचं मराठी आणि कानडी रूप तयार केलं, ते पुस्तकरूपाने १९४० मध्ये आलं, आणि बिने-कामत चाचणी आजही वापरली जाते. शाळेला समजावण्यासाठी, मुलाची अडचण ओळखण्यासाठी चाचणीचा उपयोग होतो. मिरवण्यासाठी काढू नये. टर्मनच्या चाळणीतून शॉकली आणि अल्व्हारेझ ही दोन मुलं गळली होती, दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या नावाखाली डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग हा शुद्ध फसवणुकीचा धंदा आहे. मुलं पट्टी आणि नाकाच्या फटीतून बघतात. तिथे मूल काही शिकत असेल, तर आईबापांना खूश ठेवण्यासाठी खोटं बोलायला.

खरी उणीव वेगळीच आहे. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, १९६९ मध्ये तिची प्रशाला, पण तिथला प्रवेश पाचवीपासून. नवोदय विद्यालय सहावीपासून. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी. आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका शाळकरी मुलांसाठी, तीही पुण्यात. तीन वर्षांचं मूल रात्री तीनला उठून बसतं तेव्हा त्याच्या आईला विचारायला जागा नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांवर परिच्छेद आहेत, बी.एड.मध्ये त्याचं विशेष शिक्षण असावं असंही म्हटलं आहे. मी भेटले त्या शिक्षकांपैकी असं शिक्षण कुणालाच मिळालं नव्हतं. बुद्ध्यंकाच्या मोजणीत शंभरातली दोन मुलं एकशेतीसच्या वर असतात. महाराष्ट्रातल्या शाळांत दोन कोटींहून अधिक मुलं आहेत. म्हणजे ही मुलं काही लाखांच्या घरात जातात, आणि त्यातली बहुतेक पुणे-मुंबईत नाहीत.

त्यांतली एक आटपाडी तालुक्यातल्या वाडीवर राहते. सात वर्षांची. वडील गावच्या दूध संकलन केंद्रावर पहाटे चारला जातात आणि ही त्यांच्याबरोबर उठते. मागच्या वर्षी तिने यंत्रावरचं फॅट आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घन घटक) वाचून, भिंतीवरच्या दरपत्रकात बोट फिरवून, यंत्राची पावती येण्याआधी दर सांगायला सुरुवात केली. एका म्हाताऱ्या गवळणीचे पैसे तिने कागदावर न लिहिता करून दिले. आई म्हणाली, "पोरगी रात्री झोपत नाही, हिला बाहेरचं काही झालंय का म्हणून सासूबाईंनी अंगारासुद्धा लावला." रात्री साडेनऊ ते चार ही तिची झोप, आणि रविवारी दुपारी दोन तास. आता आईने तिला शाळेच्या दिवशी सहापर्यंत उठायचं नाही असं बजावलंय. केंद्रावर फक्त रविवारी.

शाळा द्विशिक्षकी. एका खोलीत पहिली-दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी. शहरातले पालक अशा शाळेला नाकं मुरडतात, पण या मुलीचं नशीब तिथेच उघडलं. गुरुजी पलीकडे चौथीला अपूर्णांक शिकवत होते आणि दुसरीतली ही दारातून उत्तर देत होती. त्यांनी तिला हटकलं नाही. जूनपासून ती गणिताला चौथीत बसते, भाषेला आणि खेळाला तिच्या वयाच्या मुलींबरोबर दुसरीत. तिचं अक्षर अजून वेडंवाकडं आहे, म्हणून शुद्धलेखन तिला इतरांएवढंच. कामं लवकर संपली की तिने पहिलीतल्या दोघांना बेरीज शिकवायची नाही, तिला तिचं वेगळं अवघड गणित मिळतं, हेही गुरुजींनी ठरवून टाकलं आहे. हुशार मुलींना वर्गात मदतनीस करून टाकायची आपल्याकडे फार सवय आहे, असं ते म्हणाले.

गुरुजींची बदली दोन वर्षांत होईल. नव्या शिक्षकाला सुरुवातीपासून समजावण्याची वेळ त्या आईवर येऊ नये, म्हणून त्यांनी एक फाइल सुरू केली आहे: काय येतं, कशात अडते, कशाने रडते, किती झोपते. शेवटच्या रकान्यातली नोंद दर सोमवारी मुलीची आई स्वतः येऊन करते.